पंचवीस वर्षांनी परतलेली मालिका आणि तिचे रुसलेले चाहते

मागील अंकात या सदरात ‘ट्विन पीक्स : द रिटर्न’ या मालिकेचा ओझरता उल्लेख करताना मी लिहिले होते की, जुन्या मालिकांच्या पुनरागमनांत इतके धाडसी पुनरागमन मी दुसरे पाहिलेले नाही. त्या एका वाक्यावर नाशिकमधून आणि आसपासच्या गावांतून जी पत्रे आली त्यांत संताप होता, माया होती, गोंधळ होता आणि काही पत्रांत खरेखुरे दुःखही होते. म्हणून या वेळचे सदर संपूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांनी निर्माण केलेली मूळ मालिका एप्रिल १९९० ते जून १९९१ या काळात अमेरिकेतील एबीसी वाहिनीवर दोन पर्वांत दाखवली गेली. लॉरा पामर या शाळकरी मुलीचा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला मृतदेह पाण्याकाठी सापडतो आणि एफबीआयचा डेल कूपर हा अधिकारी ट्विन पीक्स या डोंगराळ, जंगलाने वेढलेल्या गावात तपासाला येतो, इथून ती सुरू होते. २१ मे ते ३ सप्टेंबर २०१७ या काळात शोटाइम वाहिनीवर तिचे अठरा भागांचे पुनरागमन झाले आणि अठराही भाग लिंच यांनी स्वतः दिग्दर्शित केले. खुनी कोण, हे मी येथे लिहिणार नाही, कारण कुणी वाचक आजही ती पहिल्यापासून पाहायला बसू शकेल आणि त्याचा तो अनुभव हिरावून घेण्याचा मला अधिकार नाही. मात्र पुनरागमनाच्या शेवटाविषयी बोलल्यावाचून पुढील पत्रांना उत्तर देता येणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न : आम्ही सहा जण महाविद्यालयापासूनचे मित्र आहोत. मूळ मालिका आम्ही दोनदा पाहिली होती. पुनरागमन मात्र शिस्तीने, दर रविवारी रात्री एकाच्या घरी जमून, एका वेळी एकच भाग असे अठरा रविवार पाहिले. शेवटचा भाग संपला आणि दोघांचे असे भांडण जुंपले की आज दोन महिने झाले, ते एकमेकांशी बोलत नाहीत. एकाचे म्हणणे, ही चाहत्यांची फसवणूक आहे. ज्या कूपरची वाट पाहिली तो शेवटी शेवटी जेमतेम भेटतो. दुसऱ्याचे म्हणणे, ज्याला हे पचत नाही त्याने असल्या मालिका पाहूच नयेत. आमच्यात बरोबर कोण?
— सहा मित्र, कॉलेज रोड, नाशिक

उत्तर : तुमच्या दुसऱ्या मित्राचे वाक्य मला अजिबात पटलेले नाही, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो. कलाकृतीवर रागावलेला माणूस तिच्याबाहेरचा असतो, असे मानणे चूक आहे. अठरा रविवार नेमाने येऊन बसलेला माणूस रागावतो तेव्हा त्या रागामागे केवढी ओढ असते, हे त्याच्या शेजारी बसलेल्या मित्राला तरी दिसायला हवे होते.

पहिल्या मित्राचे दुःखही निराधार नाही. १९९१ साली दुसरे पर्व संपले तेव्हा भला कूपर लाल पडद्यांच्या त्या गूढ खोलीत अडकून पडला होता आणि त्याचे रूप घेतलेले काहीतरी दुष्ट बाहेर पडले होते. त्याच शेवटच्या भागात लॉरा त्याला सांगते की, पंचवीस वर्षांनी मी तुला पुन्हा भेटेन. म्हणजे वचन मालिकेनेच दिले होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये नव्या पर्वाची घोषणा झाली. एप्रिल २०१५ मध्ये पुरेसा पैसा मिळत नाही म्हणून आपण बाजूला होत असल्याचे लिंच यांनी जाहीर केले, तेव्हा जुने कलाकार चित्रफीत तयार करून त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि चाहत्यांनीही आवाज उठवला. मे महिन्यात लिंच परतले आणि आधी नऊ म्हणून जाहीर झालेले भाग अखेर अठरा झाले. ज्याच्यासाठी आपण भांडलो ते आपले आहे, असे वाटणे यात अस्वाभाविक काही नाही.

आणि मग काय घडले? तिसऱ्या भागात कूपर त्या खोलीतून बाहेर तर पडतो, पण डगी जोन्स नावाच्या विमा कंपनीतल्या एका माणसाच्या जागी येऊन पडतो. त्याला बोलता येत नाही, स्वतःचे नाव आठवत नाही, समोरच्याच्या वाक्यातला शेवटचा शब्द तेवढा तो पुन्हा उच्चारतो. तो शुद्धीवर येतो सोळाव्या भागात. मधले आठवड्यामागून आठवडे चाहते ‘आज तरी जागा होईल’ म्हणून टीव्हीसमोर बसत होते. काहींनी मध्येच पाहणे सोडले, काही चिडून पाहत राहिले, आणि काहींना नकळत त्या मुक्या डगीचाच लळा लागला. मी या तिसऱ्या गटातला आहे, पण सातव्या-आठव्या भागापर्यंत मीही दुसऱ्याच गटात होतो.

माझे मत बदलले ते एका साध्या निरीक्षणाने. जुन्या मालिकेच्या चाहत्यांना कूपरचे काय आठवते? काळी कॉफी, ‘चेरी-पाय’ हा गोड पदार्थ, उंचावलेला अंगठा आणि दोन-चार पेटंट वाक्ये. डगीकडे नेमके तेवढेच उरले आहे. कॉफीचा वास आला की त्याचे डोळे उजळतात; अकराव्या भागात तर खोक्यातला ‘चेरी-पाय’ त्याचा जीव वाचवतो. ज्या गोष्टींनी आपण त्याला ओळखत होतो त्या सगळ्या शाबूत आहेत आणि तो माणूस मात्र हरवला आहे. आपण जुन्या आवडत्या गोष्टीच्या आठवणी जपताना तिच्याशी नेमके हेच करतो: खुणा ठेवतो आणि जीव हरवून बसतो. हे मला एखाद्या लेखात वाचून पटले नसते. तेरा-चौदा आठवडे वाट पाहावी लागली म्हणूनच ते अंगाला भिडले. म्हणून फसवणूक हा शब्द मी वापरणार नाही. फसवणूक करणाऱ्याला सोपा मार्ग उपलब्ध होता. पहिल्याच भागात कूपरला कॉफी पाजून सर्वांना खूश करता आले असते.

आणखी एक गोष्ट तुमच्या दोघा मित्रांना एकत्र बसवून सांगावीशी वाटते. १९९२ साली लिंच यांनी लॉराच्या शेवटच्या दिवसांवर ‘ट्विन पीक्स : फायर वॉक विथ मी’ हा चित्रपट केला, तेव्हा समीक्षकांनी आणि मालिकेच्या बऱ्याच चाहत्यांनीही तो झिडकारला होता. त्यांना गावातली गमतीदार माणसे हवी होती आणि समोर आली एका मुलीची असह्य यातना. पुढे कित्येक वर्षांनी त्याच चित्रपटाकडे लोक आदराने वळले आणि २०१७ च्या पुनरागमनाचा मोठा भाग त्याच्याच पायावर उभा आहे. तुमच्या रागावलेल्या मित्राचे मत कालांतराने बदलेल किंवा बदलणार नाही. त्याला त्यासाठी वेळ द्यावा, आणि तोवर रविवार मोडू नयेत.

प्रश्न : सातव्या भागात एक माणूस मद्यालयाची फरशी झाडत असतो आणि आपण ते दोन मिनिटांहून अधिक काळ नुसते पाहत बसतो. याला दिग्दर्शकाचा हट्ट का म्हणू नये?
— एक वाचक, सातपूर

उत्तर : हट्ट आहेच. पण ते दृश्य पुन्हा पाहताना कान उघडे ठेवावेत, ही विनंती. पुनरागमनाचे ध्वनिसंयोजन लिंच यांनी स्वतः केले होते. विजेच्या तारांची गुणगुण, पंख्याची घरघर, रिकाम्या खोलीतला शांततेचा आवाज यांवर या मालिकेत संवादांइतकेच काम झाले आहे. झाडण्याच्या त्या लयीत मन सैल पडते आणि मग दूरध्वनी वाजतो, त्यावर जे बोलणे होते ते किळसवाणे आहे. आधीची दोन मिनिटे नसती तर ते बोलणे नेहमीच्या गुन्हेगारी संवादासारखे कानावरून गेले असते. शक्य असल्यास चांगले हेडफोन लावून पाहावे.

प्रश्न : एवढा पैसा ओतून केलेल्या मालिकेतली काही संगणकीय दृश्ये इतकी ओबडधोबड कशी? माझा मुलगा ॲनिमेशन शिकतो, तो म्हणतो की हे त्यांच्या वर्गात नापास झाले असते.
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : चिरंजीवांची नजर बरोबर आहे आणि ही तक्रार जगभरच्या चाहत्यांनीही केली होती. परंतु लिंच मूळचे चित्रकार होते आणि खऱ्यासारखे दिसणे हे त्यांचे उद्दिष्ट कधीच नव्हते. हाताने कापून चिकटवल्यासारखे, शिवण दिसणारे चित्रच त्यांना हवे होते. आपण नाशिककरांना हे समजायला अवघड जाऊ नये. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या आणि याच शहरात चित्रसंस्था चालवलेल्या दादासाहेब फाळके यांनी जादूचे प्रयोग शिकून घेतले होते आणि पडद्यावरचे चमत्कार ते स्वतःच्या हाताने घडवत असत. तो चमत्कार कसा केला हे पाहणाऱ्याला आज कळते, तरी अंगावर काटा येतो. पुनरागमनातली सगळीच दृश्ये त्या तोलाची उतरली आहेत, असे मात्र मी म्हणणार नाही. दोन-तीन ठिकाणी माझाही रसभंग झाला.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून पदार्थविज्ञान शिकवत असे. नातवाने आग्रहाने आठवा भाग दाखवला. एका खुनाच्या कथेत अणुस्फोट कशासाठी, हे मला समजले नाही, तरीही त्या रात्री झोप लागली नाही. चाहते या भागाला एवढे का मानतात?
— एक आजोबा, जेल रोड, नाशिक रोड

उत्तर : आदरणीय सर, आपण ‘समजले नाही’ आणि ‘झोप लागली नाही’ ही दोन्ही वाक्ये एकाच दमात लिहिलीत, याहून नेमके वर्णन मी करू शकणार नाही.

२५ जून २०१७ रोजी हा भाग दाखवला गेला आणि त्यानंतर पुढचा भाग यायला दोन आठवडे लागले. त्या दोन आठवड्यांत चाहत्यांमध्ये सरळ दोन तट पडले. टीव्हीवर असा तास पूर्वी कधीच झाला नाही, असे एक तट म्हणत होता; दुसऱ्याचे म्हणणे, आमची कथा कुठे आहे? कृष्णधवल पडद्यावर न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स हे ठिकाण, १६ जुलै १९४५ ही तारीख आणि पहाटेची ५.२९ ही वेळ दिसते. जगातला पहिला अणुस्फोट, प्लुटोनियमच्या बॉम्बची ती चाचणी, आपण वर्गात शिकवली असेलच. कॅमेरा अतिशय सावकाश त्या ढगाकडे सरकत जातो, मग ढगाच्या आत शिरतो आणि बराच काळ आतच राहतो. सोबत ५२ तंतुवाद्यांसाठी लिहिलेली, पेंडेरेकी या पोलिश संगीतकाराची हिरोशिमाच्या बळींना अर्पण केलेली रचना वाजत असते. त्यानंतर त्या स्फोटातून दुष्टतेचा उगम होताना दिसतो, आणि दुसऱ्या कुठल्याशा लोकात, जणू तिच्यावर उतारा म्हणून, लॉराचा चेहरा असलेला एक सोनेरी गोळा पृथ्वीकडे पाठवला जातो.

माझे आकलन असे आहे. मूळ मालिकेत दुष्टता एका गावातल्या एका घरात होती. कुणी बाहेरचा राक्षस आला आणि त्याने हे केले, असे म्हणून गाव हात झटकू शकत होते. आठवा भाग ती पळवाट बंद करतो. सुशिक्षित, हिशेबी माणसांनी, वेळ ठरवून, दुरून काळ्या काचांतून पाहत एक दार उघडले आणि त्यातून जे आत आले ते अखेर एका मुलीच्या निजायच्या खोलीपर्यंत पोहोचले. शास्त्रीयदृष्ट्या यात अर्थातच काही तथ्य नाही, पण कीर्तनकार पूर्वरंगात अभंग निरूपणाला घेतो आणि उत्तररंगात आख्यान सांगतो, तेव्हा दोहोंचा सांधा श्रोत्यालाच जुळवायचा असतो. हा भाग त्या मालिकेचा पूर्वरंग आहे. तो आठव्या क्रमांकावर आला, इतकेच.

प्रश्न : वडील गेल्यानंतरच्या महिन्यात मी आणि आई रात्री ही मालिका पाहत होतो. पंधराव्या भागात ओंडका कवटाळणारी बाई दूरध्वनीवरून निरोप घेते तेव्हा आई हुंदके देऊन रडली. नंतर समजले की, ती अभिनेत्री खरोखरच आजारी होती. तेव्हापासून मला अपराधी वाटते. एखाद्याचे खरे मरण आपण करमणूक म्हणून पाहिले का?
— एक मुलगी, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, आपल्या आईंना माझा नमस्कार सांगा. आपण दोघींनी काहीही वावगे केलेले नाही.

ती भूमिका करणाऱ्या कॅथरीन कूलसन या लिंच यांच्या पहिल्या चित्रपटाच्या काळापासूनच्या सहकारी आणि मैत्रीण होत्या. कर्करोगाने त्यांचे २८ सप्टेंबर २०१५ रोजी निधन झाले. त्याच्या काही दिवस आधीच त्यांनी आपली दृश्ये चित्रित करून दिली होती. नाकात प्राणवायूची नळी, विरळ झालेले केस आणि मांडीवर तो ओंडका; यातले काहीही लपवलेले नाही, कारण त्यांना ते लपवायचे नव्हते. हॉक या पोलीस अधिकाऱ्याला त्या सांगतात की, मी मरते आहे. मृत्यू म्हणजे बदल आहे, शेवट नव्हे, हे तुला ठाऊक आहे. तो शुभ रात्री म्हणतो. हे दृश्य २० ऑगस्ट २०१७ रोजी, म्हणजे त्या गेल्यावर जवळजवळ दोन वर्षांनी, लोकांनी पाहिले.

यातली एक बारीक गोष्ट बहुधा आपल्या नजरेतून निसटली असेल. पहिला भाग कॅथरीन कूलसन यांच्या स्मृतीस अर्पण केलेला आहे. पंधरावा भाग मार्गारेट लँटरमन हिच्या स्मृतीस, म्हणजे त्यांनी साकारलेल्या पात्राच्या स्मृतीस. अभिनेत्रीला एक आणि पात्राला एक, अशा दोन वेगळ्या श्रद्धांजल्या. चाहत्यांमधली सगळी भांडणे त्या रात्री थांबली होती. ज्यांना पुनरागमन मुळीच आवडले नव्हते त्यांनीही या दृश्यापुढे मान लवली.

मालिकेतले इतर कलाकारही असेच गेले. मिगेल फेरर जानेवारी २०१७ मध्ये आणि वॉरन फ्रॉस्ट त्यानंतरच्या महिन्यात गेले, दोघेही प्रक्षेपणाआधी. हॅरी डीन स्टँटन शेवटचा भाग दाखवल्यानंतर बाराव्या दिवशी. गायक-अभिनेते डेव्हिड बोवी यांचे निधन जानेवारी २०१६ मध्ये झाले तेव्हा त्यांचे पात्र दुसऱ्या चेहऱ्याकडे न सोपवता लिंच यांनी त्याचे वाफ सोडणाऱ्या किटलीसारखे एक यंत्र केले. काहींना ते हास्यास्पद वाटले, मला ते रिकाम्या पाटासारखे वाटले. जेवणाच्या पंगतीत गेलेल्या माणसाचा पाट आपण काही दिवस तसाच मांडतो, त्याच्यावर कुणाला बसवत नाही. आपल्या घरात त्या महिन्यात तसा एक पाट होता आणि पडद्यावरही होता. आई रडल्या त्या त्यामुळे, असे मला वाटते.

प्रश्न : लिंच यांच्यावर कुणी टीका केली की, चाहते लगेच ‘तुम्हाला कळले नाही’ म्हणतात. मला ऑड्रीची गोष्ट अपुरी वाटते आणि नव्या भागांतली स्त्रीपात्रे पुरुषांनी मारण्यासाठी किंवा न्याहाळण्यासाठीच ठेवल्यासारखी वाटतात. हे म्हणणे चूक आहे का?
— एक वाचिका, देवळाली कॅम्प

उत्तर : चूक नाही, आणि हेच आक्षेप समीक्षकांनीही घेतले होते. ऑड्री ही मूळ मालिकेतली सर्वांत तल्लख मुलगी. ती बाराव्या भागात पहिल्यांदा दिसते, तीन भागांत घरातच नवऱ्याशी वाद घालते, सोळाव्या भागात तिचे जुने नृत्य करते आणि क्षणात पांढऱ्या खोलीतल्या आरशासमोर भेदरून उभी दिसते. त्या प्रतिमेची ताकद मी नाकारत नाही, पण त्यानंतर तिला एकही दृश्य मिळत नाही, हे माझ्या मते कथेचे मौन नसून दुर्लक्ष आहे. ज्या दिग्दर्शकाने लॉराच्या यातनेकडे इतक्या करुणेने पाहिले, त्याच्याच हातून काही स्त्रिया केवळ देह म्हणून पडद्यावर आल्या, ही गोष्ट त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांनी सर्वांत आधी मान्य करायला हवी.

प्रश्न : शेवटाचा अर्थ एकदाचा सांगून टाका. चौदाव्या भागातले ‘स्वप्न पाहणारा कोण’ हे वाक्य थेट आपल्या उपनिषदांतले आहे, मग मालिकाही वेदान्ताचीच मानायची का?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : अर्थ सांगून टाकण्याचे लिंच यांनी अखेरपर्यंत टाळले आणि जानेवारी २०२५ मध्ये ते गेले. मी माझ्यापुरते बोलतो.

चौदाव्या भागातले वाक्य असे आहे : आपण स्वप्न पाहणाऱ्यासारखे आहोत, जो स्वप्न पाहतो आणि मग त्याच स्वप्नात राहू लागतो. मालिकेत त्याला प्राचीन वचन म्हटले आहे. आधीच्या एका चित्रपटाच्या खेळांपूर्वी लिंच हेच वचन, कोळ्याच्या दृष्टान्तासह, उपनिषदांतले म्हणून सांगत असत. कोळ्याचा दृष्टान्त मुंडकोपनिषदात आहेही. १९७३ पासून ते महर्षी महेश योगींच्या पद्धतीने नियमित ध्यान करत. त्यामुळे आपल्याला जी ओळख पटली ती खरी आहे. परंतु तेवढ्यावरून मालिका आपलीच म्हणून पदरात बांधून घेऊ नये. वेदान्तात स्वप्नातून जागे होणे ही सुटका आहे. इथे कूपर भूतकाळात जाऊन लॉराचा मृत्यू टाळायला निघतो, पाण्याकाठचा तो मृतदेह खरोखर नाहीसा होतो, आणि तरीही सुटका होत नाही. टेक्सासमधल्या ओडेसा गावी त्याला लॉराच्या चेहऱ्याची एक बाई भेटते, जिचे नाव निराळे आहे आणि जिला लॉरा कोण ते माहीत नाही. तिला रात्रभर गाडीतून आणून तो तिच्या माहेरच्या घरापुढे उभा करतो. दार उघडणारी स्त्री पामर कुटुंबाला ओळखत नाही. रस्त्यावर येऊन कूपर गोंधळून विचारतो, हे कोणते साल आहे? घरातून आईची अस्पष्ट हाक ऐकू येते, ती बाई किंचाळते आणि घरातले सगळे दिवे जातात.

आपण पंचवटीत राहता म्हणून विचारतो. जुन्या नाशकात लहानपणी जिथे वाढलो त्या वाड्याच्या जागी पुष्कळ वर्षांनी गेला आहात का? मी गेलो होतो. वाडा पाडून तिथे इमारत झालेली, चौक होता तिथे दुचाक्या लावलेल्या. तळमजल्यावरच्या सद्गृहस्थांनी दार उघडून आदराने चौकशी केली, पाणी विचारले, पण आमचे आडनाव त्यांनी कधी ऐकले नव्हते. क्षणभर मला खरेच वाटले की, आपण कधी इथे नव्हतोच. शेवटचा भाग मी त्यानंतर पाहिला आणि मला त्यात कोडे असे काही दिसले नाही. पुनरागमनाची मागणी करणाऱ्या प्रत्येकाला कूपरबरोबर त्या दारापर्यंत जावे लागते.

आपण अर्थ मागितलात, त्याऐवजी एक माहिती देतो. वॉशिंग्टन राज्यातील एव्हरेट गावातले ते घर खरे आहे, आणि शेवटच्या दृश्यात दार उघडणारी स्त्री अभिनेत्री नव्हे. चित्रीकरणाच्या वेळी त्या घरात खरोखर राहणारी मालकीण आहे.